जिथे तापतं, तिथे पैसा जातो

माझा मामेभाऊ जूनमध्ये नाशिकला राहायला येतोय. डिप्लोमा झाला, अंबडच्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागला आणि पाथर्डी फाट्याजवळ दोन मित्रांबरोबर त्याने खोली ठरवलीय. परवा रात्री त्याचा फोन आला. "ताई, खोलीसाठी काय काय घेऊन ठेवू?" यादी त्याने आधीच केली होती. इंडक्शन, विजेची किटली, कपड्यांचं फोल्डिंग कपाट, शू-रॅक, टेबल, खुर्ची, मोठी गादी. बेरीज अठरा हजारांच्या वर गेली होती, आणि पहिला स्टायपेंड जुलैच्या दहा तारखेशिवाय हातात येणार नाही. मी म्हटलं, अजून एकही वस्तू घेऊ नकोस. मला दोन दिवस दे, नीट लिहून पाठवते.

लिहायला बसले तेव्हा वाटलं, त्याच्यासारखी पहिल्यांदा घराबाहेर राहणारी पोरं-पोरी खूप आहेत. म्हणून इथेच टाकतेय.

मी पाच वर्षांपूर्वी चांदवड तालुक्यातून नाशिकला आले. आता आम्ही तिघी मैत्रिणी सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेत राहतो. मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय तिथे लागली, ती घरात फार उशिरा आणली याचं मला वाईट वाटतं. पहिली दोन वर्षं मी भलत्याच ठिकाणी काटकसर केली. रिकाम्या खोलीतला बल्ब बंद करत फिरायचे, चार्जर प्लगमधून काढून ठेवायचे, आणि गीझर मात्र सकाळी दीड-दीड तास चालू. मोजायला लागल्यावर कळलं की भाड्याच्या घरात पैसा मुख्यतः दोन ठिकाणी जातो. जिथे काही तापतं तिथे, आणि जिथे काही सडतं तिथे. वस्तूचे पैसे एकदाच जातात, या दोन्हींचे रोज जातात.

मोजायचं कसं, ते आधी सांगते, कारण त्याला एक रुपयाही लागत नाही.

विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास चालली. गणित मांडलं की मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॅट पडतात. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर त्याच्या दुप्पट धरा.

एका रविवारी दुपारी आम्ही फ्रिजसकट सगळं बंद केलं. एक मैत्रीण खाली जिन्यात मीटरपाशी मोबाइलचं घड्याळ लावून उभी राहिली, मी वर एकेक बटण दाबत गेले, आणि फोनवर बोलत आम्ही आकडे लिहून घेतले. पंखा, मिनिटाला ४ वेळा, म्हणजे ७५ वॅट. एलईडी बल्ब, दोन मिनिटांत एकदा. नुसता लटकलेला चार्जर, पाच मिनिटं थांबलो, दिवा हललाच नाही. मग गीझर लावला. खालून आवाज आला, "अगं, मोजताच येत नाहीये!" शेवटी पंधरा सेकंदांचेच मोजले, २७ आले. मिनिटाला १०८, म्हणजे दोन हजार वॅट. एक गीझर म्हणजे जवळजवळ सत्तावीस पंखे. दोन वर्षं मी चार्जर काढत बसले होते.

इथेच खोली घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाडं ठरवताना वीज कशी मोजणार ते आधी विचारा. स्वतंत्र मीटर आहे, का घरमालकाच्या मीटरला जोडलेला सबमीटर? महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो आणि १०१ पासून ३०० पर्यंतचा दर बराच चढतो. स्वतंत्र मीटर असेल तर शंभराच्या आत राहण्याचा फायदा थेट तुमच्या खिशात येतो. सबमीटरवर घरमालक सरसकट एकच दर लावत असेल तर तुम्ही कितीही जपून वापरा, खालच्या दराचा लाभ तुम्हाला मिळत नाही. माझ्या पहिल्या खोलीत नेमकं हेच झालं, आणि मी विचारलं नव्हतं म्हणून वर्षभर भरत राहिले.

आता पाणी. नाशिकची थंडी बाहेरून आलेल्यांना खरी वाटत नाही. निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, शहरातही सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. गरम पाणी लागणारच. फक्त ते किती लागतं ते बघा. पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला जेमतेम ०.४ युनिट लागतं. रॉडने तापवा की गीझरने, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. जास्तीची वीज जाते ती दोन कारणांनी. आपण पाणी नको इतकं तापवतो आणि मग त्यात थंड ओतत बसतो. आणि गीझर चालू ठेवून "तू जा, मग मी जाते" करत एकमेकींची वाट बघतो, तेवढ्या वेळात टाकीतली उष्णता निघून जाते आणि गीझर पुन्हा पुन्हा तापत राहतो.

आम्ही तीन गोष्टी केल्या. इलेक्ट्रिशियन दुसऱ्या कामाला आला होता तेव्हा त्याच्याकडून गीझरच्या खालचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग, ५० अंशांच्या आसपास आणून घेतला. स्वतः करायचं असेल तर आधी मेन स्विच बंद, बटण बंद करून भागत नाही. दुसरं, तिघींच्या आंघोळी सलग लावल्या. पहिली आत जायच्या आधी दहा मिनिटं गीझर सुरू, तिसरी आत गेली की बंद. तिसरं मी माझ्यापुरतं केलं. आंघोळ संध्याकाळी नेली. हिवाळ्यातही नाशिकला दुपारचं ऊन चांगलं कडक असतं. गॅलरीत २० लिटरचा काळा कॅन भरून ठेवते, त्याला झाकण घट्ट. कामावरून साडेपाचला येते तेव्हा पाणी छान कोमट असतं आणि कंपनीचं तेल-धूळही रात्री अंथरुणात येत नाही. एका मैत्रिणीला पूजेआधी आंघोळ लागते, ती सकाळीच करते. ते तिचं बरोबर आहे.

पहिल्या जानेवारीचं बिल १४८ युनिटांचं होतं, त्याच्या पुढच्या जानेवारीचं ९७ आलं. माणसं तीच, फ्रिज तोच.

रॉड वापरणार असाल तर एवढं पाळा. बादली प्लास्टिकची, पायात चप्पल, आणि पाणी तापलं का ते बोट बुडवून बघायचं ते रॉड बंद करून, पिन काढूनच. रॉड आयएसआय छापाचा घ्या. इथे शंभर रुपये वाचवू नका. हे मी मामेभावाला फोनवर तीन वेळा सांगितलंय.

पंख्याबद्दल थोडक्यात. पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटं. हल्लीचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे पंखे तीस-पस्तीस वॅटचे असतात, म्हणजे निम्म्याहून कमी. तिघांनी वर्गणी काढून एक घेतला आणि घरमालकाचा जुना कपाटावर जपून ठेवला, तर खोली सोडताना आपला काढून नेता येतो. पण आधी जुन्या पंख्याची पाती पुसा. आणि पंखा फिरतो पण पूर्वीसारखा वेगाने नाही असं असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा डबीसारखा भाग, गेलेला असतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो थोड्याच रुपयांत मिळतो. लोक पंखाच बदलतात, त्याचं वाईट वाटतं.

गॅसवर मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण ही गोष्ट मी आजीकडून उचलली.

माझी आजी, म्हणजे मामेभावाचीही आजीच, दिंडोरी तालुक्यात राहते. तिच्या जुन्या स्वयंपाकघरात चूल होती आणि चुलीला बाजूने वैल होता. जाळ मुख्य चुलीखाली, तिथून जी आच उरे ती वैलाच्या तोंडातून निघे, आणि तिथे आंघोळीच्या पाण्याचं किंवा डाळीचं भांडं बसलेलं असे. भाकरी झाल्या की ती लाकडं मागे ओढायची आणि उरलेल्या निखाऱ्यांवर डाळ ठेवून द्यायची. पुढचा अर्धा तास डाळ आपोआप शिजत राही. लहानपणी मला ती नुसती सवय वाटायची. आता कळतं, एकदा जाळलेल्या लाकडाची आच ती शेवटपर्यंत वापरत होती. आमच्या शेगडीवर मात्र बटण बंद केलं की सगळं संपतं, आणि गरमागरम कुकर ओट्यावर थंड होत बसतो.

म्हणून मी गोधडी वापरते. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवते, कुकरला एक शिटी घेते आणि गॅस बंद. शिटी उचलून वाफ सोडायची नाही. टोमॅटोच्या एका जुन्या कॅरेटमध्ये आधी वर्तमानपत्रांचे जाड थर, त्यावर आजीने जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली गोधडी, त्यात कुकर, आणि वरून गोधडीची टोकं गुंडाळून घ्यायची. अर्ध्या तासाने उघडते, भात मोकळा, नीट शिजलेला. तुरीची डाळ तासभर भिजवली तर दोन शिट्या आणि गोधडीत पाऊण तास. कामावरून आल्यावर कुकर लावायचा, गोधडीत ठेवायचा, तोवर कपडे आणि भाजी उरकायची. गोधडी सुतीच हवी. आमच्याकडे एकदा घाईत सिंथेटिक ब्लँकेट वापरलं गेलं, ते कुकरच्या कडेला चिकटून वितळलं. ठेवताना शेगडी बंद आहे ना, हे बघून घ्या. राजमा या पद्धतीने करू नका, त्याला रात्रभर भिजवून, चांगली उकळी धरून, मऊ होईपर्यंत शिजवावाच लागतो. अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो.

जोडीला साध्या गोष्टी आहेत, त्या घरोघरी आया करत आल्यात. कुकरमध्ये डबे एकावर एक, खाली डाळ, वर भात, कडेला बटाटे. पहिल्या शिटीनंतर आच बारीक, कारण आतलं पाणी एकदा उकळायला लागलं की मोठ्या आचेने ते जास्त गरम होत नाही, नुसती वाफ शिटीतून जाते. कडधान्य रात्री भिजवायचं. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की बर्नरची भोकं भरलीत, सुई-ब्रशने साफ करायची. आम्ही सिलिंडर लावल्याची तारीख खडूने भिंतीवर लिहितो. पूर्वी एक १४.२ किलोचा सिलिंडर आम्हा तिघींना ४४ दिवस जायचा, आता ५६ जातो.

सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय ते बघायला ओलं फडकं त्याच्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. वरचा भाग आधी सुकतो, जिथपर्यंत द्रवरूप गॅस आहे तो भाग ओला राहतो. सिलिंडर घेताना त्याच्या कड्याजवळ ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे. ती त्याच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवून वजन करून मागा. तो आपला हक्क आहे. नव्या खोलीत अजून कनेक्शन नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे महाग पडतो, पण सुरुवातीच्या दोन महिन्यांना बरा. हॉटेलच्या जेवणापेक्षा तरी नक्कीच.

तापण्याचं झालं, आता सडण्याचं.

आम्ही कांदेवाले आहोत. दर एप्रिल-मेमध्ये अप्पा, म्हणजे माझे वडील, कांद्याची चाळ भरतात. चाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून वारा, बाजूंनी वारा, वर छप्पर. त्यात नीट सुकवलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. आणि शहरात मी काय बघते, तर तोच कांदा प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, ओट्याखालच्या दमट कोपऱ्यात. चार दिवसांत पाणी सुटतं, मग मुलं म्हणतात कांदाच खराब निघाला. कांद्याला वारा पाहिजे, बाकी काही नको. जाळीची पिशवी खिडकीजवळ टांगा किंवा कॅरेटमध्ये एका थरात पसरा.

घेताना हंगाम ओळखा. उन्हाळ्यात येतो तो उन्हाळ कांदा, सालं घट्ट, मान बारीक आणि वाळलेली. हा दहा-वीस किलो एकदम घेऊन तिघांत वाटला तरी हरकत नाही, त्या दिवसांत भावही उतरलेला असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारा लाल कांदा चवीला छान, पण त्यात पाणी जास्त, तो आठवड्यापुरताच घ्यावा. जाड मानेचा, जोडकांदा आणि डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आलेला आधी बाजूला काढून आधी संपवायचा, कारण तोच पहिल्यांदा सडतो आणि शेजारच्याला घेऊन जातो. बटाटे वेगळे ठेवा, अंधारात. बटाटा ओल सोडतो, ती कांद्याला सोसत नाही. उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा मात्र काटकसर म्हणून खाऊ नका, त्यात विषारी द्रव्य तयार होतं.

भाजी आम्ही बुधवारी आणतो, गंगेवरच्या बाजारातून. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे नवीन माणसाला माहीत असायला हवं, नाहीतर पत्ता विचारताना गोंधळ होतो. संध्याकाळी उशिरा गेलं की पालेभाजी बरीच स्वस्त होते. पण स्वस्त मिळाली म्हणून चार जुड्या आणायच्या आणि दोन फेकायच्या, यात काही वाचत नाही. कोथिंबिरीची जुडी इकडे चांगली दांडगी मिळते. आणल्याबरोबर धुवायची नाही. पिवळी पानं आणि मुळं काढायची, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये. लागेल तेवढीच काढून धुवायची. आमच्याकडे दहा-बारा दिवस जाते. फ्रिज नसेल तर ओलं गोणपाट आणि माठ. मातीतून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ बंद कोपऱ्यात न ठेवता खिडकीशी ठेवायचा. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो भरपूर काम करतो. जुलैत हवाच ओली असते, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

उरलेल्या पोळीचा कुस्करा करा, भाताला फोडणी द्या, पण उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात मी कुणालाच खाऊ देत नाही. शिजवूनही काही जंतूंची बीजं भातात जिवंत राहतात आणि उबेत वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम करून जात नाही. दवाखान्याचा एक फेरा महिन्याच्या तांदळाएवढा पडतो.

सामानाबद्दल फार लिहायची गरज नाही. कॅरेट. टोमॅटोचे, द्राक्षांचे जुने प्लास्टिक कॅरेट नाशिकच्या आसपास कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी पडलेले असतात. एखादं कान तुटलेलं असलं की ते मळ्यातून बाद होतं, पण खोलीत दहा वर्षं चालतं. आडवे एकावर एक बांधले की पुस्तकांची, कपड्यांची मांडणी. दोन उभे आणि वर प्लायचा तुकडा, की टेबल. खोली बदलताना त्यातच सामान भरून टेम्पोत. आमच्या घरात अकरा आहेत. जुना लाकडी पलंग मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आम्ही घेतला, त्याच्या फटींतून ढेकूण आले आणि ते घालवायला तीन महिने लागले. लोखंडी खाट घ्या.

झुरळांना बोरिक पावडर, कणीक आणि साखर सारख्या प्रमाणात, पाण्याने मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या. सिंकखाली, सिलिंडरमागे ठेवायच्या. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. घरात लहान मूल किंवा मांजर येत असेल तर नको. गळणाऱ्या नळाखाली रात्री बादली ठेवून सकाळी बघा, म्हणजे वॉशर बदलायला तुम्ही लगेच उठाल. साठवणीच्या पाण्याची पिंपं आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

साफसफाईवर थांबते, कारण इथे माझा जीव घाबरला होता. आमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी आहे, जड. नळांवर, बादल्यांवर पांढरा थर चढतो. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सफाईत मी बाथरूममध्ये टॉयलेटचं ॲसिड टाकलं. डाग निघाले नाहीत, म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली. दार लोटलेलं होतं, खिडकी बंद. काही सेकंदांत घसा जळायला लागला, डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना. मैत्रिणीने ओढून बाहेर काढलं. दोन दिवस खोकत होते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात असतात, त्या एकमेकींवर कधीही टाकू नका. आधीचं भरपूर पाण्याने धुतलं गेल्याशिवाय दुसरं हातात घेऊ नका. खिडकी उघडी ठेवा.

त्या पांढऱ्या थराला एवढं जहाल काही लागतच नाही. तो बहुतेक चुनाच असतो. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. दोन चमचे अर्ध्या लिटर कोमट पाण्यात, फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचं, मग घासायचं. विजेच्या रॉडवरचा थरही असाच निघतो, अर्थात पिन काढून, आणि नुसता धातूचा वेटोळा भाग बुडवून. थर साचून राहिला की रॉड आतून जास्त तापतो आणि लवकर जळतो. पण हेच पाणी कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. तो दगड स्वतःच चुनखडीचा, ॲसिड त्यालाही खातं आणि चकाकी कायमची जाते. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ खूप दिसतात. फेस येतो खरा, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ खारं पाणी. वापरायचं तर एकेक वापरा.

शेवटचं डिपॉझिटचं. पहिली खोली सोडताना माझे तीन हजार कापले गेले, भिंतीवरच्या ओलीच्या डागांसाठी. ते डाग मी राहायला आले तेव्हापासून होते. माझ्याकडे पुरावा नव्हता. आता राहायला जायच्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक भिंत, नळ, खिडकीची काच, मीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवते. भांडण म्हणून नाही, नोंद म्हणून. आताच्या घरमालकीण काकूंना ते आवडलंच, त्यांनी पुढच्या भाडेकरूंनाही तसं करायला सांगितलं. आणि करार लेखी हवा, नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. "अकरा महिन्यांचाच आहे, कशाला नोंदवायचा" असं कुणी म्हणालं तर शांतपणे हे कलम सांगा.

मामेभावाची यादी काल आम्ही फोनवर पुन्हा केली. तीन लिटरचा कुकर डब्यांसकट, रॉड, एक प्लास्टिकची बादली, माठ, लोखंडी खाट. सहा कॅरेट अप्पांकडून येतील, वीस किलो उन्हाळ कांदाही. इंडक्शन, किटली, कपाट, शू-रॅक सगळं उडालं. बेरीज सहा हजारांच्या आत आली. तो गप्प होता, मग म्हणाला, "आणि अंथरायला?" मी आजीला फोन लावला. तिला म्हटलं, गोधडी पाहिजे त्याला, कुकर ठेवायला. ती म्हणाली, "दोन काढून ठेवते. एक भाताला, एक त्याला."